पडद्यावरची साखर: बोरघाटापासून डोळ्यापर्यंत

(हा भाग ऐकणाऱ्यांसाठी आणि वाचणाऱ्यांसाठीही. बोललेलं लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलंय, भाषा मात्र तशीच ठेवलीय.)

आजची गोष्ट १८५६ साली सुरू होते, आणि ती एकाच वेळी दोन ठिकाणी सुरू होते. एक ठिकाण आपल्या ओळखीचं, खंडाळा आणि लोणावळ्याचा डोंगर. दुसरं खूप लांबचं, युरोपातलं व्हिएन्ना.

१८५६ मध्ये बोरघाटात रेल्वेचं काम सुरू झालं. मुंबई ते ठाणे गाडी १८५३ मध्येच धावली होती, पण पुण्याला यायचं म्हणजे सह्याद्री चढायचा. सुमारे १,८०० फुटांची चढण, २५ बोगदे, आणि सगळं काम सुरुंग, पहार आणि माणसांच्या पाठीवर. १८६१ च्या सुरुवातीला तर एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर घाटात राबत होते. पटकी आणि तापाने हजारो मेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच गेला. मग त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट हातात घेऊन काम पुढे नेलं. मजा म्हणजे पुणे ते खंडाळा गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती. मधला घाट तेवढा राहिला होता, त्यामुळे प्रवासी पालखीत किंवा पायी घाट पार करायचे आणि पलीकडे परत गाडी पकडायचे. १८६३ मध्ये घाटातून गाडी गेली आणि मावळ कायमचा बदलला.

आता व्हिएन्ना. तिथे एडुआर्ड येगर नावाचा डोळ्यांचा डॉक्टर होता. नाव ऐकलं नसेल, पण त्याचं काम तुमच्या घरातल्या कोणीतरी नक्की हातात धरलंय. चाळीशीचा चष्मा करायला गेल्यावर लहान-मोठ्या अक्षरांचं जे कार्ड वाचायला देतात, तशी कार्डं त्याने १८५४ मध्ये छापली. आजही डॉक्टर जवळचं दिसणं मोजताना त्याच्या नावाचा आकडा लिहितात. या येगरने १८५५-५६ च्या सुमारास मधुमेह झालेल्या एका माणसाच्या डोळ्यात डोकावून पाहिलं आणि त्याला डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पिवळसर ठिपके आणि रक्ताचे डाग दिसले. मधुमेह डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो, याची ही पहिली नोंद मानली जाते.

म्हणजे इकडे घाटात सुरुंग लागत होते आणि तिकडे एक डॉक्टर डोळ्यातले लाल डाग कागदावर काढत होता. या दोन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज आहे. तो कसा जुळला, हीच आजची गोष्ट.

आत बघणार कसं?

मधुमेह आपल्याकडे नवा नाही. चरक आणि सुश्रुताच्या ग्रंथांत तो आहे. मध्वासारखी गोड लघवी, तिच्याकडे धावणाऱ्या मुंग्या, सगळं लिहून ठेवलंय. सुश्रुताने तर दोन प्रकार सांगितले: एक जन्मासोबत येणारा, त्यात माणूस कृश असतो. दुसरा चुकीच्या आहारातून होणारा, त्यात माणूस स्थूल असतो. त्याच सुश्रुताने डोळ्यांचे ७६ रोग मोजलेत. इतकं बारीक निरीक्षण! पण डोळ्याचा मागचा पडदा मात्र त्याला दिसणं शक्यच नव्हतं. जिवंत माणसाच्या बाहुलीतून आत पाहिलं की फक्त काळोख दिसतो. आत उजेड सोडायचा आणि त्याच वाटेने आपणही बघायचं, हे जमणार कसं?

ते जमवलं हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने. त्याने काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. बाजूच्या दिव्याचा उजेड काचेवरून परावर्तित होऊन डोळ्यात जायचा आणि त्याच काचेतून आरपार डॉक्टरला बघता यायचं. १८५१ मध्ये त्याने हे उपकरण जगासमोर मांडलं. इंग्रजीत त्याला ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणतात. येगरने चार-पाच वर्षांनी जे पाहिलं, ते या शोधामुळे.

लोकांना ते पटलं का? लगेच नाही. त्या काळचे मोठे डॉक्टर म्हणाले, हे डाग मधुमेहामुळेच आहेत कशावरून? रक्तदाबाने, मूत्रपिंडाच्या आजारानेही असे डाग येतातच की. शंका रास्त होती. १८७२ मध्ये लंडनच्या एडवर्ड नेटलशिपने मधुमेही रुग्णाचा डोळा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पडद्याच्या मधोमध झालेलं नुकसान दाखवलं. १८७६ मध्ये विल्हेल्म मान्झ या जर्मन डॉक्टरने पुढचा टप्पा लिहिला: पडद्यावर नव्या, भलत्याच रक्तवाहिन्या उगवतात आणि त्या पडद्यालाच ओढतात. तरी वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. कारण एक साधी अडचण होती. डोळे पूर्ण बिघडेपर्यंत मधुमेही माणूस जगतच नव्हता.

टिळक आणि एका वर्षाची चुकामूक

हा मुद्दा कळायला आपल्या जवळचं उदाहरण घेते. १९०८ साल. मावळातल्या तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग काढायचा, अशी ती कल्पना. अंताजी दामोदर काळे यांनी ती हाती घेतली आणि लोकमान्य टिळक तिच्या पाठीशी होते. आणि त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवलं.

आपल्याला मंडाले म्हटलं की 'गीतारहस्य' आठवतं. शाई मिळत नव्हती म्हणून पेन्सिलीने लिहिलेलं हस्तलिखित आठवतं. पण टिळकांना मधुमेह होता, हे किती जणांना माहीत असतं? तुरुंगात त्यांना खाण्यापिण्याचं कडक पथ्य पाळावं लागलं. तेव्हा मधुमेहावर इलाज म्हणजे पथ्य, एवढंच होतं. गोळी नाही, इंजेक्शन नाही.

टिळक १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात गेले. ते मधुमेहाने गेले असं मी म्हणत नाहीये. पण तारीख बघा. पुढच्याच वर्षी, १९२१ च्या उन्हाळ्यात, कॅनडातल्या टोरांटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. मरणाच्या दारातली मुलं उठून बसली.

आणि इथे गोष्टीला वळण लागतं. इन्सुलिनने मरण पुढे ढकललं. माणसं दहा, वीस, तीस वर्षं मधुमेह घेऊन जगायला लागली. तेव्हा येगरने पाहिलेले ते डाग डॉक्टरांना रोजच दिसायला लागले. आयुष्य वाचलं, त्याच आयुष्यात डोळे जायला लागले.

नेमकं बिघडतं काय?

थोडं थांबून हे समजून घेऊ, म्हणजे पुढचा इतिहास कळेल. हातातला मोबाईल बघा. कॅमेऱ्याला पुढे भिंग असतं आणि आत सेन्सर असतो. डोळ्यातही पुढे भिंग आणि मागे पडदा, म्हणजे रेटिना. भिंग धूसर झालं की मोतीबिंदू. तो काढून नवीन भिंग बसवता येतं, आपल्या आजी-आजोबांनी ते केलंय. पण सेन्सर बिघडला तर? तो बदलून मिळत नाही.

या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसापेक्षा बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या नळ्यांच्या भिंती कमजोर होतात. कुठे त्या फुगतात, कुठे झिरपतात. झिरपलेलं पाणी आणि चरबी पडद्याच्या मध्यबिंदूवर साठली, म्हणजे ज्या जागेने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो तिथे, की नजर धूसर होते. पुढे काही नळ्या बंदच पडतात. मग उपाशी पडलेला पडदा रक्तासाठी हाका मारतो, तसं रसायन सोडतो. त्या हाकेला नव्या रक्तवाहिन्या उगवतात, पण त्या कच्च्या. त्या फुटतात, डोळ्यात रक्त सांडतं, आणि कधी कधी त्यांच्या जाळ्याने पडदाच सुटून येतो.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट कोणती, सांगू? दुखत नाही. लाल होत नाही, पाणी येत नाही. पडदा बराच खराब होईपर्यंत समोरचं छान दिसत असतं.

माझ्या मामाचं हेच झालं. तो कामशेतचा. दुधाचा टेम्पो चालवायचा, पहाटे कामशेतहून निघून तळेगावपर्यंत. शुगर निघून नऊ वर्षं झालेली, गोळ्या चालू. एका वर्षात त्याच्या चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. रक्तातली साखर वर-खाली झाली की डोळ्याचं भिंग पाणी धरतं आणि नंबर हलतो, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं आणि चष्मा बनवून देणाऱ्यानेही ते कधी सांगितलं नाही. मग एका सकाळी डाव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले, जणू कोळ्याचं जाळं. दुपारपर्यंत त्या डोळ्यापुढे धुकं उतरलं. आत रक्त सांडलं होतं. उजव्या डोळ्यातही नव्या वाहिन्या उगवल्या होत्या आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. उजवा लेसरने वाचला. डावा अर्धाच परत आला. टेम्पो आता मामेभाऊ चालवतो. मामा म्हणतो, "अगं, दिसत होतं ना मला! दिसत होतं म्हणून तर गेलो नाही डॉक्टरकडं."

सूर्याने डोळा जाळणारा माणूस

उजवा डोळा लेसरने वाचला, हे मी सहज म्हणून गेले. पण त्या लेसरपर्यंत पोचायला डॉक्टरांनी काय काय केलंय!

१९५३ मध्ये पौल्सेन नावाच्या डॅनिश डॉक्टरने एक विचित्र गोष्ट नोंदवली. एका मधुमेही बाईची मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी बाळंतपणानंतर निकामी झाली आणि तिच्या डोळ्यांचा आजार चक्क कमी झाला. मग काय, दृष्टी वाचवण्यासाठी रुग्णांच्या डोक्यात शिरून ती ग्रंथी काढायची किंवा नष्ट करायची शस्त्रक्रिया सुरू झाली. १९५० आणि ६० च्या दशकात हे खरोखर होत होतं. डोळ्यासाठी मेंदूपाशी सुरी! त्याचे परिणाम शरीराला आयुष्यभर भोगावे लागायचे.

दुसरी वाट जर्मनीत सापडली. ९ जुलै १९४५ ला सूर्यग्रहण होतं. उघड्या डोळ्यांनी ग्रहण पाहिलेला एक रुग्ण गेर्ड मायर-श्विकेराथ या तरुण डॉक्टरकडे आला. सूर्याने त्याच्या पडद्यावर एक छोटासा, नीट आखलेला डाग जाळला होता. डॉक्टरच्या मनात आलं, हे आपण मुद्दाम, हव्या त्या जागी केलं तर? १९४९ मध्ये त्याने हॅम्बुर्गच्या इस्पितळात आरशांची रचना केली, सूर्याचा उजेड रुग्णाच्या डोळ्यात वळवला आणि पडदा जागच्या जागी चिकटवून दाखवला. अडचण एवढीच, की त्याला ऊन लागायचं. आपल्या लोणावळ्यात जुलै महिन्यात हा दवाखाना टाकला असता तर चार महिने कुलूपच. पुढे त्याने झेनॉनच्या दिव्याचं यंत्र करून घेतलं, आणि १९६० मध्ये लेसर आला.

पण पडदा जाळल्याने पडदा वाचतो, हे कसं पटावं? सुगावा असा लागला: ज्यांच्या एका डोळ्याच्या पडद्यावर जुना व्रण होता, त्यांच्या त्या डोळ्यात मधुमेहाचं नुकसान कमी दिसायचं. कारण जळलेल्या भागाला रक्त लागत नाही. भूक कमी, म्हणून हाकाही कमी. डॉक्टर पडद्याच्या कडेला शेकडो बारीक चटके देतात आणि मधला, वाचायचा भाग राखतात.

हे खरंच चालतं का, ते तपासायला अमेरिकेत मोठा प्रयोग झाला. १,७०० हून जास्त रुग्ण. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर उपचार, दुसरा डोळा तसाच ठेवून लक्ष ठेवायचं. १९७६ मध्ये निकाल आला: ज्या डोळ्यांवर उपचार झाले, त्यांच्यात दृष्टी पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहूनही कमी झालं. निकाल इतका स्पष्ट होता की गरज असेल त्यांच्या दुसऱ्या डोळ्यालाही उपचार द्यायचे, असं ठरलं. आज त्या रसायनाची हाक बंद करणारी इंजेक्शनंही आहेत, ती डोळ्यात देतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण डोळा बधिर केलेला असतो आणि काम मिनिटभरात होतं.

आता परत मावळात

मग मधुमेह मावळात इतका आला कुठून? मावळा म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? काटक, चिवट, गड चढून न दमणारा. जाडा मावळा कोणी चित्रात काढलाय का? म्हणून आपल्याकडे आजही म्हणतात, "तो कसला शुगरवाला, अंगावर मूठभर मांस नाही!"

याला उत्तर पुण्यातूनच मिळालं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्याच सहा गावांमध्ये १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं इतकी लहान, पण अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकवलेली. बारीक दिसणारं, पण आतून चरबीवालं बाळ.

२००४ मध्ये याज्ञिकांनी आपला आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांचं आडनाव इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतं, म्हणून त्या अक्षरानेच हा विरोधाभास जगभर ओळखला जातो. वजनकाटा बघून आपल्याला शुगर होणार नाही असं मानणाऱ्या प्रत्येक बारीक मराठी माणसाने हा फोटो एकदा बघावा.

पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या, उन्हातान्हात राबलेल्या शरीराला अचानक भरपूर खाणं आणि बसून काम मिळालं की काय होतं? मावळ हे त्याचं उघडं पुस्तक आहे. लोणावळ्याच्या चिक्कीची गोष्ट सांगतात ती अशी, की घाटात राबणाऱ्या रेल्वेच्या मजुरांना गूळ आणि शेंगदाण्याची गुडदाणी विकली जायची, तिचीच पुढे चिक्की झाली. दिवसभर खडक फोडणाऱ्याला गुडदाणी म्हणजे इंधन. शरीर ती संध्याकाळपर्यंत जाळून मोकळं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये इंद्रायणी तांदूळ दिला. त्याआधी आंबेमोहोर होताच. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या माणसाने तो भात दोन वेळा खाल्ला तर बिघडत नव्हतं.

मग १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. तळेगाव-चाकणला कारखाने आले, द्रुतगती मार्ग आला, जमिनी विकल्या गेल्या, दारात गाडी आली. ताटातला भात तेवढाच राहिला, शेत मात्र गेलं. म्हणून चिक्कीला किंवा इंद्रायणीला शिव्या घालण्यात अर्थ नाही. बदलला तो आपला दिवस.

हा फक्त मावळचा प्रश्न नाही. २०२३ मध्ये आलेल्या आय.सी.एम.आर.च्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आणि २०२२ च्या दुसऱ्या एका राष्ट्रीय अभ्यासात, चाळिशीच्या वरच्या मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर नुकसानाच्या खुणा सापडल्या. ४ टक्के लोकांची दृष्टी धोक्यात होती. १०० तले ४ म्हणजे कमी वाटतात ना? आता ते कोट्यवधींना लावून बघा.

शीर्षासन, मोबाईल आणि एक फोटो

लोणावळ्याची दुसरी ओळख म्हणजे योग. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम सुरू केलं. योगाचे परिणाम यंत्रं लावून मोजायचे आणि ते छापायचे, हा त्यांचा बाणा. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' नियतकालिक काढलं. व्यायाम आणि योगाने साखर आटोक्यात यायला मदत होते, यात वाद नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, कुठल्याही आसनाने पडद्यावर उगवलेली कच्ची रक्तवाहिनी परत जात नाही. दोन, ज्यांच्या डोळ्यात अशा वाहिन्या आहेत त्यांनी डॉक्टरांना न विचारता शीर्षासन, डोकं खाली जाणारी इतर आसनं, श्वास रोखून जोर लावणं, जड वजन उचलणं हे करू नये. त्याने वाहिनी फुटू शकते. मोजून बघा, मग ठरवा, हे कुवलयानंदांचंच तत्त्व. डोळ्याच्या बाबतीत मोजणं म्हणजे पडद्याची तपासणी.

आणि या तपासणीचा इतिहास आत्ता, तुमच्या काळात घडतोय. १८५६ मध्ये येगर हाताने चित्र काढायचा. आज कॅमेरा काही सेकंदांत पडद्याचा फोटो काढतो. २०१६ मध्ये गुगलच्या संशोधकांनी सव्वा लाखांहून जास्त फोटो दाखवून संगणकाला हा आजार ओळखायला शिकवलं, आणि त्यात आपल्या देशातली अरविंद आणि शंकर नेत्रालय ही नेत्ररुग्णालयंही सामील होती. २०१८ मध्ये अमेरिकेत अशा यंत्रणेला सरकारी मान्यताही मिळाली. आता कॅमेरा लहान होत होत मोबाईलला जोडण्याइतका झालाय. जिथे पडद्याचा डॉक्टर नाही तिथे फोटो जाऊ शकतो. आंदर मावळातल्या एखाद्या वाडीवरून माणसाने एसटीने, मग लोकलने पुण्याला यायचं, दिवस बुडवायचा, याऐवजी फोटोने प्रवास करायचा.

मग करायचं काय? घरात कोणाला नेहमीची, मोठेपणी होणारी शुगर असेल, तर ती निघाली त्याच वर्षी पडद्याची तपासणी करायची. कारण शुगर कळते तेव्हा ती अंगात बरीच वर्षं राहिलेली असू शकते. त्यानंतर साधारण दरवर्षी, दिसत असलं तरी. लहान वयात इन्सुलिनवर असलेल्यांची तपासणी पाच वर्षांनी सुरू करतात. शुगर असलेली बाई गरोदर राहिली तर पहिल्या तीन महिन्यांतच दाखवायचं, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवा. बहुतेक वेळा बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, मग काही तास धूसर दिसतं आणि ऊन खुपतं. म्हणून आई-बाबांना एकट्याने दुचाकीवर पाठवू नका. सोबत जा.

आणि साखर आवरली तर खरंच फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलेला आहे. १९९३ च्या अमेरिकी-कॅनडियन अभ्यासात इन्सुलिनवरच्या ज्या रुग्णांचे डोळे चांगले होते, त्यांनी साखर काटेकोर ठेवल्यावर हा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासात रक्तदाब नीट ठेवल्याने डोळ्यांचा आजार वाढण्याचा धोका ३४ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे बीपीची गोळी ही डोळ्याचीही गोळी आहे. बाबा ती विसरतात ना? आठवण करा.

शेवटी एवढंच. टिळकांच्या काळात मधुमेह होता आणि इलाज नव्हता. मायर-श्विकेराथकडे इलाज होता, पण त्याला ऊन निघायची वाट बघावी लागायची. आपल्याकडे गोळ्या आहेत, इन्सुलिन आहे, लेसर आहे, इंजेक्शन आहे, आणि खिशात कॅमेरा आहे. पावणेदोनशे वर्षांत माणसांनी एवढं सगळं जमवलं, पण पहिलं पाऊल मात्र अजूनही तेच आहे जे येगरने टाकलं: कोणीतरी डोळ्यात डोकावून बघायला हवं.

हा भाग संपला की घरी एक फोन करा आणि एकच विचारा: "शेवटचा पडदा कधी दाखवला होता?" उत्तरात चष्म्याचा नंबर आला, तर समजा की दाखवलेलाच नाही. मग तारीख घ्या, आणि सुट्टी तुम्ही टाका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.